शीड, लाट आणि खाच : तान्ह्या मुलाच्या छातीच्या फोटोत थायमस कसा ओळखावा

जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता आणि गोव्यात फोंड्यातल्या माझ्या एक्स-रे-सोनोग्राफीच्या खोलीत सत्तरी तालुक्यातून तिघं आली होती : आई, आजी आणि पाच महिन्यांचा गुटगुटीत मुलगा. सर्दी-खोकला झाला म्हणून त्याच्या छातीचा फोटो काढला गेला होता. त्यात उजवीकडे वर काहीतरी पांढरं दिसलं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पांढरं होतं तसंच राहिलं. मग कोणीतरी सांगितलं, ग्रंथी मोठी दिसते, सीटी करून घ्या. "ग्रंथी"चा अर्थ आजीनं घरच्या भाषेत लावला : गाठ. मला थोडं बाजूला घेऊन ती म्हणाली, "डॉक्टर, ह्याच्या छातीत गाठ आहे म्हणतात. खरं काय ते मला सांगा, हिला मी मागाहून सांगते."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मुलगा सोनोग्राफीच्या जेलची बाटली तोंडात घालायच्या खटपटीत होता. ताप नाही, श्वास शांत, दूध नीट पितोय. फोटो उजेडावर धरला. ती पांढरी सावली म्हणजे नीटस त्रिकोण होता, खालची कड रेघ मारल्यासारखी सरळ. न्यूमोनिया नव्हता आणि गाठही नव्हती. तो थायमस होता, आणि त्या वयात तो तिथेच असायला हवा.

आरोग्य केंद्रात रात्री एकट्यानं फोटो बघावा लागणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी मी हे मुख्यतः लिहितो आहे. एक्स-रे तंत्रज्ञांनाही उपयोग होईल. आईबापांनी यावरून घरी निदान करू नये, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र यातून कळेल.

आधी ओळख

थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पुढ्यात बसलेला असतो. त्याच्या दोन पाळ्या, बहुधा असमान. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी इथे तयार होतात, आणि त्यांच्या नावातला "टी" थायमसचाच. हे काम जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं. तोपर्यंत हा अवयव निरुपयोगीच समजला जाई. मराठी परिभाषेत त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नाव थोडं जड आहे, पण निम्मी माहिती त्यातच आहे.

जन्मतः त्याचं वजन १० ते १५ ग्रॅम असतं, वयात येईपर्यंत ते ३० ते ४० ग्रॅमपर्यंत जातं आणि मग हळूहळू त्याची जागा चरबी घेते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचा थायमस तान्ह्यापेक्षा वजनानं लहान नसतो. छाती त्याच्याहून वेगानं वाढलेली असते, म्हणून फोटोत तो दिसेनासा होतो. तान्ह्याच्या इवल्याशा छातीत मात्र तो हृदयाएवढी जागा व्यापू शकतो.

याच मोठेपणानं एकेकाळी फार नुकसान केलं. एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनाला येणारी मुलं बहुतेक गरिबाघरची, दीर्घ आजारानं खंगून गेलेली असत. आजारपणात आणि कुपोषणात थायमस आक्रसतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. तो आक्रसलेला आकारच प्रमाण मानला गेला. मग धडधाकट बाळ अचानक दगावलं आणि त्याचा थायमस नेहमीएवढा दिसला की "मोठ्या थायमसनं श्वास कोंडला" असा निष्कर्ष निघे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यापायी हजारो निरोगी मुलांच्या छातीला किरणोत्सर्गाचे डोस दिले गेले, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींना थायरॉइडचा कर्करोग झाला. चूक फोटो काढण्यात नव्हती. निरोगी मूल कसं दिसतं हेच ठाऊक नव्हतं.

पहिली पायरी : वय वाचा, मग फोटो

फोटोवरचं नाव, वय आणि तारीख आधी बघा. हे सांगायला नको असं वाटेल, पण फोनवर आलेल्या फोटोतून नेमका हाच कोपरा कापला गेलेला असतो. दोन वर्षांखालच्या मुलात छातीच्या मध्यभागी वरची सावली रुंद दिसली, तर थायमस हा पहिला अंदाज. दोन-तीन वर्षांनंतर त्याची कड फोटोत क्वचितच दिसते. पाच वर्षांनंतर नव्यानं रुंदी दिसली, तर थायमस म्हणून सोडून देऊ नका.

त्याबरोबर मूल कसं आहे तेही विचारा. खेळणारं, वजन धरणारं बाळ आणि उताणं झोपवलं की घुसमटणारा बारा वर्षांचा मुलगा, यांच्या छातीतली सारखीच सावली सारखी वाचायची नसते.

दुसरी पायरी : फोटो कसा काढलाय ते बघा

माझ्याकडे "मोठा थायमस" म्हणून येणाऱ्या फोटोंपैकी बऱ्याच फोटोंची गोची इथेच असते. तान्ह्याचा फोटो उताणं झोपवून, समोरून काढतात. त्या पद्धतीत पुढचे अवयव मुळातच थोडे मोठे उमटतात. त्यात श्वास सोडताना बटण दाबलं गेलं तर थायमस पसरट होतो, हृदय रुंद होतं आणि सगळाच फोटो भयानक दिसतो. पूर्ण श्वास घेतलेल्या फोटोत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर मागच्या साधारण आठ बरगड्या मोजता यायला हव्यात. सहाच मोजल्या जात असतील, तर थायमसवर मत देऊच नका.

रडणारं मूल श्वास लांबवर सोडतं आणि मग एकदम आत ओढतं. अनुभवी तंत्रज्ञ त्या ओढण्याची वाट बघतो. हे कौशल्य पुस्तकात सापडत नाही. ज्याला ते जमतं त्याच्या फोटोंवर रिपोर्ट लिहिताना मला निम्माच वेळ लागतो.

श्वास सोडलेल्या फोटोत आणखी एक चकवा असतो. तान्ह्याची श्वासनलिका लवचिक असल्यामुळे ती मध्येच वाकते, आणि महाधमनीची कमान डावीकडे असल्यामुळे बहुधा उजवीकडे वाकते. "नलिका ढकलली गेली" असं घाईनं लिहू नका.

मूल तिरकं झालंय का तेही बघा. गळ्याच्या हाडांची आतली टोकं मणक्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर आहेत का, बरगड्यांची पुढची टोकं दोन्हीकडे जुळतात का? छाती ज्या बाजूला वळते, पुढे बसलेला थायमस त्याच बाजूला बाहेर डोकावतो. एका बाजूची सावली मोठी दिसण्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

तिसरी पायरी : कड वाचा

आता थायमसच्या तीन ओळखीच्या खुणा. तिन्ही एकाच फोटोत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. एक मिळाली तरी मोठा आधार.

पहिली खूण शीड. त्रिकोणी सावली मध्यरेषेपासून बाहेर येते, बहुतेक वेळा उजवीकडे, कधी डावीकडे, कधी दोन्हीकडे. बाहेरची कड किंचित फुगीर आणि खालची कड सरळ असते, कारण पाळीचा तळ फुप्फुसाच्या दोन भागांमधल्या आडव्या फटीवर टेकतो. मांडवी नदीत आता शिडाच्या होड्यांपेक्षा कॅसिनोची जहाजं जास्त दिसतात, तरी शीड कसं असतं ते गोव्यातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी लाट. थायमस इतका मऊ असतो की बरगड्यांची पुढची टोकं त्यात रुततात आणि कडेला हलके चढउतार उमटतात. प्रत्येक खळगा बरगडीच्या टोकासमोर येतो का ते बोट ठेवून तपासा. येत असेल तर हा अवयव मऊ आहे याचा तो पुरावाच समजा. कठीण गाठीवर बरगडीचा ठसा उमटत नाही.

तिसरी खाच. थायमस संपून हृदय सुरू होतं तिथे कडेला छोटासा दात पडतो. ही खाच डोळ्यांनी शोधावी लागते, आपण होऊन दिसत नाही. फोटो हातभर लांब धरून किंवा पडद्यापासून दोन पावलं मागे जाऊन बघितला तर ती पटकन सापडते. निदान मला तरी.

चौथी पायरी : सावलीच्या आत बघा

थायमस सगळीकडे सारखाच पांढरा दिसतो. त्यात चुन्यासारखे दाणे नसतात, पोकळी नसते, हवेच्या काळ्या फांद्याही नसतात. फांद्या दिसल्या तर तो फुप्फुसातला न्यूमोनिया असण्याची शक्यता जास्त. थायमस पुढे असतो आणि दाटही फार नसतो, म्हणून त्याच्यामधून मागच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आरपार दिसतात. न्यूमोनियात त्या पांढऱ्यात बुडून जातात.

उजव्या वरच्या भागातला न्यूमोनिया आणि शीड यांची गल्लत सर्वात जास्त होते. आमच्या त्या मुलाची अँटिबायोटिकं त्यामुळेच वाया गेली. फरक असा : न्यूमोनियाची कड धूसर असते, नाहीतर फटीपाशी थांबते. भाग आक्रसला असेल तर फट वर ओढली जाते आणि श्वासनलिका त्याच बाजूला सरकते. थायमस काहीही ओढत नाही. शिवाय न्यूमोनियाची सावली काही आठवड्यांत बदलते. औषधांचे दोन कोर्स होऊनही सावली तसूभर हलली नसेल आणि मूल मजेत असेल, तर तिसरा कोर्स लिहिण्याआधी हा लेख पुन्हा वाचा.

पाचवी पायरी : शेजाऱ्यांची चौकशी

एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. थायमस शेजाऱ्यांच्या आकारानं वळतो. शेजाऱ्यांना वळवत नाही. श्वासनलिका दाबली जात नाही, रक्तवाहिन्या चेपत नाहीत, हृदय सरकत नाही. तो कितीही मोठा दिसो, श्वासनलिकेची काळी पट्टी वरपासून दुभाजनापर्यंत, म्हणजे तिचे दोन फाटे होतात तिथपर्यंत, सारख्या रुंदीची असेल, तर श्वास रोखून धरायचं कारण नाही.

नलिका अरुंद झालेली किंवा एकीकडे सरकलेली असेल, कड टेकाडाटेकाडांची असेल, आत कॅल्शियमचे ठिपके असतील, नाहीतर छातीत पाणी असेल, तर तो नेहमीचा थायमस नाही. लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कर्करोग), जननपेशींची गाठ, थायमसची पाण्याची गाठ आणि क्षयाच्या ग्रंथी अशी यादी मग पुढे येते.

क्षयाबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपल्याकडे मुलाच्या छातीची मधली सावली रुंद दिसली की सहा महिन्यांच्या गोळ्यांकडे मन लगेच वळतं. क्षयाच्या ग्रंथी श्वासनलिकेच्या बाजूला, फुप्फुसाच्या मुळाशी आणि दुभाजनाखाली वाढतात, म्हणजे मध्ये आणि मागे. थायमस पुढे असतो. घरात कोणाला क्षय आहे का, वजन वाढतंय का, ट्यूबरक्युलिन चाचणी काय म्हणते, जठरातून काढलेल्या पाण्याची तपासणी काय सांगते, हे बघितल्याशिवाय केवळ रुंद सावलीवर उपचार सुरू करणं मला पटत नाही. बाजूनं काढलेला फोटो इथे कामाचा. तान्ह्यात उरोस्थीमागची, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागची, जागा थायमसनं भरलेली दिसणं नेहमीचंच. श्वासनलिकेच्या मागे किंवा तिच्याभोवती गोळे दिसले तर विचार करावा.

फसवणारे नमुने

नवजात अर्भकाला, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या, कधीकधी छातीच्या मधल्या पोकळीत हवा साचते. ती हवा थायमसच्या पाळ्या खालून उचलून धरते आणि वाऱ्यानं फुगलेल्या शिडासारखा आकार दिसतो. नावात शीड इथेही आहे, पण अर्थ नेमका उलटा. नेहमीचं शीड हृदयाला चिकटून असतं. या शिडाखाली काळी हवा असते. हे दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना लगेच फोन.

फुप्फुसातलं शुद्ध रक्त भलत्याच वाटेनं हृदयाकडे परतण्याचा एक जन्मजात दोष आहे. त्यात फोटो बर्फाच्या बाहुल्यासारखा दिसतो, असं पुस्तकं सांगतात. आमच्या मुलांनी बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीत. मी त्यांना इंग्रजी ८ चा आकडा सांगतो. मोठा थायमस हृदयावर बसला की तसाच ८ दिसू शकतो. पण त्या दोषातलं मूल निळसर असतं, धापा टाकतं आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या ठळक दिसतात. शंका आली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

आणि मानेतला पाहुणा : बाळ रडलं की गळ्याच्या खळगीत मऊ फुगा येतो, शांत झालं की जातो. बरेचदा तो वर सरकलेला थायमसच निघतो. त्याला सुई टोचण्याआधी सोनोग्राफी करा.

सहावी पायरी : अजून शंका असेल तर सोनोग्राफी

सीटी नव्हे. तान्ह्याच्या छातीचं मधलं हाड पुरतं कडक झालेलं नसतं, त्यामुळे उरोस्थीच्या कडेनं, कधी तिच्यामधूनही, थायमस छान दिसतो. वरवरचं दाखवणारा सपाट प्रोब घ्या, बाळाला आईच्या मांडीवर दूध पिऊ द्या, जेल आधी हातात कोमट करा. थायमस करडा दिसतो आणि त्यात बारीक चमकदार ठिपके नि रेघा विखुरलेल्या असतात. अमावस्येच्या आभाळासारखं म्हणायला हरकत नाही. हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर त्याचा आकार पडद्यावर बदलताना दिसतो, आणि मागच्या रक्तवाहिन्या मोकळ्या वाहत असतात. पाच मिनिटांचं काम, किरणोत्सर्ग शून्य. सीटीत तो साध्या फोटोच्या कित्येक पट असतो, आणि तान्ह्याला बहुधा गुंगीही द्यावी लागते. सोनोग्राफीत ठिपक्यांचा हा नमुना मिळाला नाही, गाठी वेगळ्या उठून दिसल्या किंवा रक्तवाहिन्या चेपलेल्या असल्या, तरच पुढच्या तपासण्या.

थायमस ओळखायला स्टिरॉइड देऊन बघायची जुनी युक्ती अजून कोणीकोणी सांगतं : सावली लहान झाली म्हणजे थायमस. कृपा करून हे करू नका. स्टिरॉइडनं लिम्फोमाही लहान होतो, आणि मग निदानासाठी तुकडा काढायला गेलं की हाती काही लागत नाही. मोठ्या मुलाचा घरघरणारा श्वास दमा समजून फोटोविना स्टिरॉइड सुरू करण्यातही हाच धोका आहे.

दिसतच नसेल तर

उलटी बाजूही आहे. गंभीर आजार, शस्त्रक्रिया, स्टिरॉइड किंवा उपासमार यांत थायमस काही दिवसांत आक्रसतो. मूल सावरलं की तो परत येतो, कधी आधीपेक्षाही मोठा होऊन. कर्करोगाच्या औषधांनंतर असा परतलेला थायमस पाहून रोग उलटला असं वाटू शकतं, म्हणून उपचार केव्हा संपले ते विचारा. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलात सर्जननं वाट करण्यासाठी थायमसचा भाग काढलेला असतो. छातीवरचा व्रण बघितला की उलगडा होतो.

पण नवजात बाळात यातलं काहीच नसताना थायमसची जागा रिकामी दिसली, तर मात्र थांबा. कॅल्शियम कमी होऊन झटके, हृदयाचा दोष आणि थायमस नाही, असं त्रिकूट जमलं तर डायजॉर्ज सिंड्रोम या जन्मजात विकाराची तपासणी हवी. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर प्रतिकारशक्तीचा तीव्र अभाव असू शकतो. अशी शंका असताना बीसीजी, तोंडी पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत जंतूंच्या लसी तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय देऊ नयेत. फोटोतली रिकामी जागाही वाचायची असते ती यासाठी.

घाई कधी करायची

उताणं झोपता येत नाही, तोंड सुजलंय, मानेच्या शिरा फुगल्यात, श्वास आत घेताना आवाज येतो, आणि फोटोत रुंद सावली : अशा मुलाला बसलेलंच ठेवा, गुंगीचं औषध देऊ नका, सीटीसाठी आडवं करायचा हट्ट धरू नका. १०८ बोलवा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) आधी फोन करा आणि "छातीच्या पुढच्या भागात गाठ, श्वासमार्गाला धोका" हे शब्द स्पष्ट सांगा. भूल देताच श्वासमार्ग बंद होण्याचा धोका खरा आहे.

रिपोर्ट आणि घरच्यांशी बोलणं

"मेडियास्टायनम (छातीचा मधला भाग) रुंद, सीटी करावा" एवढंच लिहून सही करू नका. मी साधारण असं लिहितो : "छातीच्या वरच्या मध्यभागी वयानुरूप थायमसची सावली. श्वासनलिका मध्यभागी, रुंदी सामान्य. फुप्फुसं स्वच्छ. पुढील तपासणीची गरज नाही." शेवटचं वाक्य टाळायची सवय आम्हा लोकांना आहे; खात्री असेल तेव्हा ते लिहावं.

घरच्यांशी बोलताना "ग्रंथी" हा शब्द मी आता वापरतच नाही. त्या दिवशी आजीला फोटो दाखवून म्हटलं, "आजी, हा थायमस. प्रत्येक बाळाला असतो. आजाराशी लढणारे शिपाई इथे तयार होतात. ह्याचा जरा ऐसपैस आहे एवढंच." तिनं विचारलं, "म्हणजे गाठ नाही?" नाही. "आणि कापायचा नाही?" नाही. तेव्हा कुठे ती स्टुलावर टेकली आणि मग सुनेला हाक मारली.

फोटो मात्र जपून ठेवायला सांगितला. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, बुरशी धरतात. कोरड्या पिशवीत घालून सपाट ठेवा, आणि उजेडावर धरून फोनवरही एक फोटो काढून घ्या, नाव-तारीख दिसेल असा. पुढच्या वेळी जुना फोटो हाताशी असला की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

दोन वर्षांनी, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, तीच तिघं पुन्हा आली. मुलानं आरतीच्या ताटातला रुपया गिळला होता. मानेपासून पोटापर्यंत एकच फोटो घेतला. रुपया जठरात गोल, स्पष्ट. वरचं शीड कुठेच नव्हतं. हृदयाच्या वर सडपातळ सावली तेवढी. आजीनं जुनी फिल्म पिशवीतून काढून शेजारी धरली आणि बराच वेळ दोन्ही न्याहाळले. "गेला की काय तो तुमचा थायमस?"

"आहे तिथेच आहे, आजी. छाती मोठी झाली."

रुपया तिसऱ्या दिवशी पडला, असा सुनेचा फोन आला.